हॉर्न गेला, ओके राहिलं

पहाटे साडेपाचला लोधिवलीत पिकअप चालू करायला माणसं किती लागतात? आमच्या शेजारच्या भाऊंच्या गाडीला दोन लागतात. एक खुद्द भाऊ, दुसरी पहिलीत जाणारी त्यांची लेक. भाऊ किल्ली फिरवतात, लेक ओके दाबते. मग ती परत जाऊन झोपते आणि भाऊ पनवेलला भाजी टाकायला निघतात.

गाडी नवी आहे. जुनीत एक रेडिओ होता, तो थोबाडीत मारल्यावर वाजायचा. नवीत सात इंची स्क्रीन आहे, मागे कॅमेरा आहे आणि दोघांच्या मध्ये सॉफ्टवेअर आहे. किल्ली फिरवली की स्क्रीन उजळते, ढँण करून सलामी देते आणि अकरा ओळींचं इंग्रजी पत्र समोर धरते. पत्राच्या तळाशी एकच बटण, ओके. ‘नको’ असं बटण नाही. ‘घरी विचारून सांगतो’ असंही नाही.

ओके नाही दाबलं तर? काही नाही, गाडी चालते. फक्त गाणं लागत नाही. आता भाड्याच्या गाडीत पुढे बसून ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ठाऊक आहे, की दिवसाचं पहिलं गाणं देवाचं लागल्याशिवाय गाडी दुसऱ्या गियरमध्ये जात नाही. लिंबू-मिरची बांधून झाली, अगरबत्ती ओवाळून झाली, स्टिअरिंगच्या पाया पडून झालं. आता विठ्ठल यायचा, तर वाटेत ओके उभं.

एकदा आम्ही ते पत्र भाऊंना मराठी करून वाचून दाखवलं. गाडी चालवताना स्क्रीनकडे पाहू नये. स्क्रीनवर दिसतं ते बरोबर असेलच असं नाही. कॅमेऱ्यात दिसलं नाही म्हणजे मागे काही नाही असं समजू नये. आजूबाजूला आपलं आपण बघावं. काही झाल्यास जबाबदारी सर्वस्वी चालकाची. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ह्याच्यावर विसंबू नको, असं हाच सांगतोय?”

“तसंच.”

“आन् ह्याचे पैसे घेतले?”

“घेतले.”

“आमच्या मेव्हण्यावर गेलाय,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी लेकीला हाक मारली.

हाक का मारली ते सांगायचं राहिलं. भाऊंच्या बोटाने ओके दाबलं जात नाही. ही काच दाबण्याने चालत नाही, बोटाच्या कातडीतून जी काही बारीक वीज जाते तिच्यावर चालते. कातडी कशी, मऊ आणि जराशी ओलसर हवी. भाऊंच्या बोटांनी निम्मं आयुष्य दोऱ्या आवळल्या, ताडपत्र्या ओढल्या, फाळक्याच्या कड्या ठोकल्या, सिमेंटच्या गोण्या उतरवल्या. त्या बोटांवर काडी ओढली तर पेटेल. भाऊ आधी तर्जनीने दाबतात, मग अंगठ्याने, मग थुंकी लावून, मग शिवी देऊन. स्क्रीन ढिम्म. आपल्याला कुणीतरी हात लावतंय हेच तिच्या गावी नाही. भाऊंच्या आईने चाळीस वर्षं भाताची लावणी केली, तिचा अंगठा रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर उमटत नाही. आता मुलाचं बोट गाडीतल्या यंत्राला कळत नाही. ज्याने कधी काम केलं नाही अशाच हाताला ही यंत्रं ओळख देतात. आमच्या बोटाने ओके पहिल्या फटक्यात दाबलं गेलं. ही गोष्ट आम्ही घरी सांगितलेली नाही.

तर ओके लेक दाबते. आता ओके म्हणजे करार, आणि करार म्हटलं की आला १८७२ चा भारतीय करार कायदा. त्याप्रमाणे करार करणारा सज्ञान असावा लागतो. सज्ञान नसेल तर तो करार मुळातच रद्दबातल, हे १९०३ साली मोहरीबीबीच्या खटल्यात थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये पक्कं झालं. कायद्याच्या मराठीत अशा लेकराला ‘अज्ञान’ म्हणतात. म्हणजे रोज पहाटे साडेपाचला लोधिवलीत एक अज्ञान व्यक्ती, डोळे चोळत, एका पायात आईची चप्पल आणि एका पायात स्वतःची, एका अवाढव्य कारखान्याशी करार करते आणि तो तिथल्या तिथे रद्द होतो. आम्ही हे भाऊंना समजावून सांगितलं. भाऊ म्हणाले, “ती अज्ञान, तर मी कोण? मला तरी कुठं वाचता येतंय?”

ओके भाऊंना नवं मात्र नाही. जुन्या गाडीच्या फाळक्यावर ते होतं, पिवळ्या रंगात, दोन्ही अंगांना एकेक कमळ काढून: हॉर्न ओके प्लीज. त्यातलं मधलं ओके आलं कुठून हे कुणालाच धड माहीत नाही. दुसऱ्या महायुद्धात गाड्या रॉकेलवर चालायच्या, म्हणून ‘ऑन केरोसीन’, असं सांगणारे भेटतात. २०१५ साली आपल्या राज्यात हे तीन शब्द गाडीवर लिहायला बंदी आली. का, तर ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. या देशात रस्त्यावर लिहिलेलं वाचून कुणी तसं वागतं, याचा सरकारदरबारी नोंदलेला हा बहुधा एकमेव दाखला. भाऊंनी निमूट त्यावर रंग मारला. हॉर्न काही कमी झाले नाहीत आणि प्लीज आधीही कुणी म्हणत नव्हतं. आम्हाला वाटलं, गेलं बिचारं ओके. कुठलं जातंय! ते फाळक्यावरून उतरलं, हौद्याखालून सरपटत पुढे आलं आणि डॅशबोर्डवर चढून बसलं. फरक एवढाच की फाळक्यावरचं ओके मागच्याला सांगायचं, वाजव बाबा, मी बघतोय. डॅशबोर्डवरचं ओके पुढच्याला सांगतं, मी बघत नाही, तुझं तू बघ.

दिवाळीनंतर भाऊंनी कर्जतकडून पेंढ्याचं भाडं घेतलं. पेंढा भरलेली पिकअप ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको, गाडी दिसतच नाही, गंजी स्वतःच पनवेलला निघाल्यासारखी वाटते. फाळक्यावरून पेंढा लोंबून कॅमेऱ्यावर आला होता. भाऊंनी रिव्हर्स टाकला तर स्क्रीनभर सोनं. सोन्यावर हिरव्या, पिवळ्या, तांबड्या रेघा आणि खाली इंग्रजीत सूचना, आजूबाजूला पाहा. सेन्सरला वाटलं मागे भिंतच आहे. तो टूंटूं करत जीव द्यायला निघाला. भिंत कुठली, मागे एक म्हैस होती, तीही जरा बाजूला, पेंढ्याकडे आशेने बघत. अशा वेळी भाऊंना क्लीनरची आठवण येते. जुन्या गाडीला क्लीनर असायचा. त्याने जन्मात काही क्लीन केलं नाही. पण भाऊंनी रिव्हर्स टाकला की तो उडी मारून मागे जायचा आणि त्याचं सुरू व्हायचं, येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं काटा, आजून, आजून, येऊ द्या, बास! आणि फाळक्यावर दोन थापा. कधी ते ‘बास’ एका श्वासाने उशिरा यायचं आणि गाडी कुणाच्या तरी पडवीत जायची. मग भाऊ खाली उतरून क्लीनरच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि क्लीनर मान खाली घालून ऐकून घ्यायचा. कारण ‘येऊ द्या’ तोच म्हणाला होता. त्याने कधी पहाटे भाऊंपुढे इंग्रजी कागद धरून सांगितलं नाही, की मी येऊ द्या म्हणालो तरी तुम्ही येऊ नये, आलात तर तुमचं तुम्ही निस्तरावं, इथे अंगठा करा, मग विठ्ठल लावतो. सांगितलं असतं तर तो खोपोलीपर्यंतसुद्धा टिकला नसता. आता क्लीनर परवडत नाही, कारण हप्ता आहे. हप्ता गाडीचा, म्हणजे त्यात कॅमेऱ्याचाही. पावसाळ्यात कॅमेऱ्यावर चिखल बसतो. मग भाऊंनी खाली उतरायचं, चिखलातून मागे जायचं, कॅमेरा पुसायचा, मागे काही नाही हे दोन्ही डोळ्यांनी बघायचं, परत चिखलातून पुढे यायचं, वर चढायचं आणि मागे काही नाही हे स्क्रीनवर बघायचं. गाडीला क्लीनर अखेर मिळाला. तो स्टिअरिंगवरच बसला होता.

निदान पत्र मराठीत करून घ्यावं म्हणून आम्ही एका रविवारी स्क्रीनच्या पोटात शिरलो. भाषांची यादी सापडली. इंग्रजी होती, हिंदी होती, अरबी, फ्रेंच, पोर्तुगीज होत्या. मराठी नव्हती. गाडी महाराष्ट्रात जुळली, महाराष्ट्रात विकली गेली, महाराष्ट्राच्याच खड्ड्यांत जाते आहे. लोधिवलीतला कुणी पोर्तुगीज उद्या भाजीच्या धंद्यात उतरला तर त्याची अडचण होणार नाही, एवढी काळजी घेतलेली आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, पेढे आम्हीही खाल्ले. पण अभिजात भाषा डॅशबोर्डवर चढायच्या लायकीची झालेली नाही. नकाशातली बाई तर गावाचं नाव ‘लोढीवाली’ घेते, जणू कुणाची तरी सून. बरं, ओकेला मराठीत म्हणणार काय? ‘बरं’ म्हणावं तर आमच्या ‘बरं’चे प्रकार किती! सासऱ्याला म्हटलेलं बरं वेगळं, उधारी मागायला आलेल्याला म्हटलेलं बरं वेगळं. बायको ‘बरं’ म्हणाली की होकार तर नसतोच, पण विषयही संपलेला नसतो. एवढा तोलामोलाचा शब्द त्या पत्राखाली ठेवला असता तर भाऊंनी रोज मनात असेल ते ‘बरं’ म्हटलं असतं आणि कंपनीचे वकील अर्थ लावत बसले असते. म्हणूनच ठेवला नसेल.

आणि हे एकट्या स्क्रीनचं कुठे आहे? गाडीचं कर्ज काढलं तेव्हा भाऊंपुढे कागदांचा गठ्ठा ठेवला होता, पानापानावर पेन्सिलीने फुल्या मारलेल्या. फुली दिसेल तिथे सही. आत काय आहे हे विचारलं तर “फॉर्मॅलिटी आहे हो” हे उत्तर. विम्याला तेच, मालाच्या बिल्टीला तेच, फोनवर भाडी देणाऱ्या ॲपला तेच. टोमॅटो नासले, जबाबदारी चालकाची. ॲपने नदीत जाणारा रस्ता दाखवला, जबाबदारी चालकाची. द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कमानीकमानीवर कॅमेरे बसले. पट्टा लावला का, लेन सोडली का, सगळं टिपतात, आणि टिपावंच. भाऊ शेजारच्या सीटवर ठेवलेल्या कोथिंबिरीच्या कॅरेटलाही पट्टा लावतात, नाहीतर गाडी ठणाणा करते. पण गाडीतला कॅमेरा, कमानीवरचा कॅमेरा, मालाच्या मालकाने काचेला चिकटवलेला कॅमेरा, एवढे डोळे एकट्या ड्रायव्हरवर रोखलेले असताना त्याच्या चाकाखालच्या खड्ड्याकडे एकही डोळा वळू नये? खड्ड्याच्या कडेला कुणी अकरा ओळींचं पत्र लावून ओके मागितलं आहे का? खड्डा पाडणारा कंत्राटदार सकाळी लेकीला उठवतो का? बोरघाटात, खोपोलीच्या वर, शिंग्रोबाचं देऊळ आहे. भाऊ तिथे नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. आख्यायिका अशी, की इंग्रजांना घाटाची वाट या धनगराने दाखवली आणि बक्षीस काय हवं म्हणून विचारल्यावर ‘आमचा मुलूख सोडून जा’ म्हणाला, तेव्हा त्याला गोळी घातली. वाट दाखवणाऱ्याने तेव्हा जीव दिला. आताचा वाट दाखवणारा आधी तुमच्याकडून लिहून घेतो, की वाट चुकली तर मरायचं तुम्ही. देऊळ कुणाचं बांधायचं हे ड्रायव्हर लोकांना बरोबर कळतं, त्यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही.

आमचा आवाज चढला, माफ करा. मूळ मुद्दा ओकेचा.

राखीपौर्णिमेला वहिनी लेकीला घेऊन माहेरी, नेरळला गेल्या. पहाटे साडेपाच. बाहेर धो-धो पाऊस, हौद्यात काकडीची कॅरेटं, समोर ओके उभं आणि घरात एकही मऊ बोट नाही. भाऊंनी तर्जनी लावली, अंगठा लावला, थुंकी लावली, शिवी दिली. मग काय सुचलं कोण जाणे, शेजारच्या कॅरेटमधली एक काकडी उचलली आणि तिचं ओलं टोक स्क्रीनला टेकवलं. ढँण! पत्र गेलं, विठ्ठल आला. भाऊंना जी स्क्रीन कधी माणसात धरत नव्हती, तिने काकडीला एका फटक्यात चालक म्हणून मान्य केलं. तेव्हापासून डॅशबोर्डवर गणपतीशेजारी रोज एक ताजी काकडी असते आणि लेक साडेसहापर्यंत झोपते.

आम्ही करार कायदा पुन्हा उघडून बसलो. काकडीबद्दल त्यात काही सापडलं नाही. शेवटी भाऊंनाच विचारलं, पहिल्या दिवशीची काकडी कशी होती?

“एकदम कोवळी.”

म्हणजे तीही अज्ञानच.