सभा लांबलीच पाहिजे

नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत फुकट वेळ जातो, ही तक्रार गावोगावी ऐकू येते. ती खोटी नाही. अकराची सभा बाराला सुरू होते, पहिला तास मागच्या सभेतलंच भांडण पुढे चालतं, मग चहा येतो, आणि चाळीस विषयांतले सात होईपर्यंत जेवणाची वेळ टळून गेलेली असते. शहाणीसुरती माणसं यावर हसतात. या वेडेपणाला कारभार कसा म्हणायचा, असं विचारतात. मला तो वेडेपणा गावाच्या फार हिताचा वाटतो. ज्या गावाने तो सोडला, त्या गावाची मला काळजी वाटते.

विषय क्रमांक एक बघा. जवळपास प्रत्येक विषयपत्रिकेवर तो तोच असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. हे वाचन कुणालाच नको असतं. ‘वाचलं असं समजा’ असा आवाज मागच्या बाकावरून हमखास येतो. तेवढ्यात एखादा सदस्य उठतो आणि म्हणतो, ‘समजायचं कशाला? वाचा.’ सगळं सभागृह त्याच्याकडे वैतागून बघतं, पण लिपिकाला ठरावबुक उघडावंच लागतं. चार-सहा पानं झाली की लक्षात येतं, मागच्या सभेत ‘चौकशी करून अहवाल ठेवावा’ असं ठरलं होतं आणि लिहिताना त्याचं ‘मंजूर’ झालं आहे. मग त्या एका शब्दावर तासभर रणकंदन. बघणाऱ्याला वाटतं, शब्दासाठी काय भांडायचं? पण महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली ठरावाची अंमलबजावणी थांबवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि तिथे दाद मागायला गेलेल्या माणसाच्या हातात ठरावाची नक्कल असते. सभेत कोण किती ओरडला, हे तिथे कुणी विचारत नाही. कागदावर ‘मंजूर’ असेल तर मंजूर. म्हणून ‘वाचा’ म्हणणारा तो नकोसा सदस्य मला फार मोलाचा वाटतो.

दिव्यांच्या देयकावरची एक चर्चा मी प्रेक्षकांच्या बाकावरून ऐकली आहे. प्रभागात तीन एलईडी दिवे बसवल्याचं बिल होतं. सदस्याने विचारलं, ‘तीन दिवे कुठल्या बोळात लावले?’ अभियंत्याने बोळाचं नाव सांगितलं. ‘कुठल्या खांबावर?’ अभियंता म्हणाला, ‘रेकॉर्ड बघून सांगतो साहेब.’ सदस्य म्हणाला, ‘रेकॉर्ड कशाला, मी तिथेच राहतो. त्या बोळात खांबच दोन आहेत.’ पुढची चाळीस मिनिटं तिसरा दिवा शोधण्यात गेली. मोजमाप पुस्तक मागवलं, ते येईना. आलं तर पान सापडेना. तोवर पाणीपुरवठ्याचा मोठा विषय तसाच पडून राहिला आणि बाकीचे सदस्य घड्याळ बघत बसले. मला मात्र त्या चाळीस मिनिटांत नगरपरिषद म्हणजे काय ते कळलं. मालमत्ता कर थकला की नागरिकाला महिन्याला दोन टक्के शास्ती लागते, वर्षाला चोवीस. माझ्याकडून इतका काटेकोर हिशेब घेणाऱ्या संस्थेला एका दिव्याचा हिशेब द्यायला चाळीस मिनिटं लागत असतील, तर ती तिने आनंदाने द्यावीत.

पण सभा लांबवण्यात कुठल्या विषयाने बाजी मारली असेल, तर बाजारपेठेतल्या मुतारीने. आमच्या गावच्या बाजारात सार्वजनिक मुतारी हवी, यावर कधीच दुमत नव्हतं. ती कुठे नको, यावरही नव्हतं : ज्याच्या त्याच्या दुकानासमोर. भाजी मंडईच्या कोपऱ्यावर जागा सुचली, तर व्यापाऱ्यांचं निवेदन आलं. शाळेच्या भिंतीलगत सुचली, तर शाळा समितीचं आलं. नाल्याकाठी सुचली, तर जागा पाटबंधारे खात्याची निघाली. विषय एका सभेतून दुसऱ्या सभेत ‘तहकूब’ होत गेला. दर वेळी त्याच जागा, तीच निवेदनं, तीच भाषणं. गावात त्याची टिंगल व्हायची आणि टिंगल करणारे रस्त्याच्या कडेला आडोसा शोधायचे.

या टिंगलीत एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली होती. इतकी वर्षं ज्या मुतारीवर चर्चा चालली होती ती पुरुषांची होती. बायकांचा विषय विषयपत्रिकेवर नव्हताच. २०११ मध्ये राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी निम्म्या जागा राखीव झाल्या, आणि सभागृहात निम्म्या खुर्च्यांवर बायका दिसू लागल्या. सुरुवातीला त्यातल्या कित्येकींच्या वतीने त्यांचे यजमानच प्रेक्षकांतून खाणाखुणा करायचे, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. पण विषय पुन्हा पुन्हा येत राहिला, तहकूब होत राहिला, आणि अशाच एका तहकुबीच्या वेळी एक बाई उभ्या राहिल्या. यजमानांनी खाली बसायची खूण केली, ती त्यांनी बघितली नाही. ‘अध्यक्षमहोदय, आठवडी बाजाराला खेड्यावरून भाजी घेऊन येणारी बाई पहाटे घरातून निघते ती दिवेलागणीला परत जाते. दिवसभर पाण्याचा घोट घेत नाही. का घेत नाही ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?’ एवढंच बोलून त्या बसल्या. सभागृह बराच वेळ गप्प होतं. मग नेहमीसारखी जागेवरून वादावादी सुरू झाली, पण ठरावाच्या मसुद्यात ‘महिलांसाठी स्वतंत्र’ हे शब्द त्या दिवशी घातले गेले.

हा विषय पहिल्याच सभेत पाच मिनिटांत मंजूर झाला असता तर काय झालं असतं? मंडईच्या कोपऱ्यावर चार भांड्यांची पुरुषांची मुतारी उभी राहिली असती, नारळ फुटला असता, फोटो निघाला असता आणि विषय संपला असता. तो संपला नाही म्हणून त्या बाईंना बोलायची संधी मिळाली. रखडलेला विषय आणि लांबलेली सभा यांचं हे ऋण मला उघडपणे मान्य करायचं आहे.

सभेत एकट्याने आडवं लावणाऱ्या माणसाबद्दलही लोक असंच बोलतात. ‘त्याला काही कळत नाही, उगाच विरोध करतो.’ महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटन यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चावेत असा प्रस्ताव आला, तेव्हा जोतिबांनी त्याला विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं. प्रस्ताव मंजूर झाला. विरोधात मत एकट्या जोतिबांचं. त्या दिवशीच्या सभागृहात किती जणांना हा माणूस सभेचा वेळ खातो असं वाटलं असेल! आज बाजूने मत देणाऱ्यांची नावं कुणाच्या लक्षात नाहीत. एका मताचा विरोध मात्र महाराष्ट्राला ठाऊक आहे.

आणि सभा नसली की काय होतं, तेही आपण नुकतंच बघितलं. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न न्यायालयात अडकला, निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या, आणि राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक आले. पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक झाले. म्हणजे मुख्याधिकारी म्हणून टिपणी ठेवायची आणि प्रशासक म्हणून तीच टिपणी मंजूर करायची. एकाच टेबलावर, एकाच पेनाने. वाद नाही, तहकुबी नाही, चहा नाही. कामं झटपट झाली, असं पुष्कळांनी कौतुकाने सांगितलं, आणि काही झालीही. पण त्या काळात नळाला गढूळ पाणी आलं तर कुणाला गाठायचं, हे गावाला कळेनासं झालं. पूर्वी नगरसेवकाच्या दारात सकाळी सकाळी जाऊन चार शब्द सुनावता येत होते. तो सभेत जाऊन आणखी चार शब्द सुनावत होता. कार्यालयाच्या काचेच्या दारामागे बसलेल्या अधिकाऱ्याची उद्या बदली होणार असते. त्याला मत मागायला कुणाच्या दारात यायचं नसतं. दिव्याच्या खांबांची संख्या त्याला कोण सांगणार?

सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये खडसावल्यावर अखेर डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. थेट जनतेतून नगराध्यक्ष आले, नवे सदस्य आले, गुलाल उधळला गेला. मला धास्ती आहे ती या नव्या सभागृहांच्या उत्साहाची. प्रशासकाच्या काळातल्या वेगाची सवय गावांना लागली आहे. ‘विषय क्रमांक दोन ते अडतीस, मंजूर?’ ‘मंजूर, मंजूर’, बाकं वाजली, वीस मिनिटांत सभा खलास, अशी सभा झाली की वर्तमानपत्रं ‘खेळीमेळीच्या वातावरणात’ असं छापतात. त्या खेळीमेळीत बाजार फीचा ठेका कुणाला गेला, घनकचऱ्याच्या ठेक्याला मुदतवाढ का मिळाली, कुठल्या कामाला कार्योत्तर मंजुरी घेतली, हे विचारणारा एकही जण नसेल तर गावाने तो आनंद साजरा करू नये.

नव्या सदस्यांनी भांडावं. इतिवृत्त वाचायला लावावं. टिपणी सभेच्या आधी घरी नेऊन वाचावी, आकड्यांवर पेन्सिलीने खुणा कराव्यात. विरोध असेल तर तोंडी सांगून थांबू नये, लेखी द्यावा आणि तो इतिवृत्तात उतरला का ते पुढच्या सभेत तपासावं. ऐन वेळच्या विषयांकडे तर डोळ्यांत तेल घालून बघावं, कारण दमलेल्या सभागृहासमोर, सगळे चपला शोधत असताना, अध्यक्षांच्या परवानगीने जे येतं ते बहुधा सगळ्यात महागाचं असतं.

आपण नागरिकांनी तिथे जाऊन बसावं. सभा लोकांसाठी खुली असते. प्रेक्षकांच्या बाकावर पाच माणसं बसलेली दिसली तरी सभागृहाची बोलण्याची पट्टी बदलते, हा माझा अनुभव आहे. पुढची विषयपत्रिका लागली की ती शेवटच्या पानापर्यंत वाचा. बायकांच्या मुतारीचा विषय शेवटून दुसरा असेल, तर आपल्या सदस्याला आदल्या दिवशीच गाठून तो वर घ्यायला सांगा. दिवेलागणीपर्यंत सभा चालली तर चालू द्या. डबा घेऊन जा.