एकट्याने सायकलवर सिंहगड: इच्छुकांसाठी सूचना

सर्वप्रथम 'एकट्याने' या शब्दाचा अर्थ नीट समजून घ्यावा. पुण्याहून एकट्याने कुठेही जायचं तर आदल्या रात्री किमान तिघांना सांगावं लागतं. घरच्यांना, म्हणजे ते "एकटाच? आणि काही झालं तर?" असं विचारून मोकळे होतात. सोसायटीच्या वॉचमनला, कारण पहाटे पाचला गेटची किल्ली त्याच्या उशाखाली असते. आणि शेजारच्या काकांना, कारण न सांगता त्यांना कळणारच असतं, मग सांगितल्याचं श्रेय तरी पदरात पडावं. ऑफिसातल्या ज्या मित्राला "मीपण येतो" म्हणायची सवय आहे, त्याला मात्र अजिबात सांगू नये. तो येत नाही. येत नसल्याचं कळवायला सव्वापाचला फोन करतो. तोवर आपण स्वारगेटच्या चौकात एक पाय पेडलवर आणि एक फुटपाथवर ठेवून उभे असतो आणि रिक्षावाले आळीपाळीने "कुठं जायचंय?" विचारत असतात.

सायकल डोंगरी हवी, म्हणजे माउंटन बाइक. दुकानदार जिला 'हार्डटेल' म्हणतो तिच्यात पुढच्या चाकाला सस्पेन्शन असतं आणि मागच्या चाकाला आपला कणा. गिअरचं गणित घरीच करून घ्यावं, घाटात ते सुचत नाही. पुढे ३२ दात्यांची एकच चकती, मागे बारा चकत्या, त्यांतली सर्वांत मोठी ५१ दात्यांची. चाक २९ इंची. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की सायकल जेमतेम दीड मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी पाच किलोमीटर होतात. माणसाचा चालण्याचा वेगही तेवढाच असतो. दुकानात हे कोणी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही, कारण तिथे आपण सायकल उचलून "अरे वा, किती हलकी!" म्हणण्यात गुंतलेले असतो.

गादीची चड्डी घालावी. तिच्यावर आणखी एक साधी चड्डी घालावी. याहून जास्त तपशील इथे देता येत नाही.

वडगाव, धायरी फाटा, नांदेड फाटा ही नावं झोपेतच ओलांडावीत. खडकवासल्याच्या भिंतीशी थांबण्याची प्रथा आहे. ब्रिटिश काळातलं, १८७९ साली पुरं झालेलं हे धरण. तिथे पहाटे फिरायला आलेले कोणीतरी आजोबा भेटतातच. "तुमचा जन्म नसेल तेव्हा," अशी त्यांची सुरुवात होते आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत कसं फुटलं, त्या पाण्यानं इथली भिंतही कशी गेली आणि पेठांमध्ये पाणी कुठवर चढलं होतं, हे हातानं दाखवून सांगितलं जातं. ऐकून घ्यावं. घाट पुढे आहे आणि तो कुठे जात नाही. शेवटी आजोबा सायकलीकडे बघून "एकटेच?" असं विचारतात. दिवसभरात हा प्रश्न किती वेळा येतो ते मोजू नये. मी एकदा मोजलं, सतरानंतर आकडा चुकला.

डोणज्याला चहा घ्यावा. इथे सायकलीची रीतसर तपासणी होते. टपरीवरचा पहिला माणूस अंगठ्यानं टायर दाबतो आणि "हवा कमी आहे" म्हणतो. टायर डोंगरी असल्यामुळे हवा मुद्दाम कमी ठेवलीय, खडीवर पकड मिळते, हे समजावायला जाऊ नये. दुसरा माणूसही टायर दाबतो आणि पहिल्याशी सहमत होतो. तिसरा किंमत विचारतो. इथे सल्ला असा, की किमतीतलं एक शून्य गाळून सांगावं. घरीही तोच आकडा सांगितलेला असला म्हणजे बोलण्यात सुसंगती राहते. एवढं करूनही "थोडे घालून जुनी स्प्लेंडर आली असती की" हे उत्तर टळत नाही. खरा आकडा चुकून तोंडातून गेला तर टपरीवर जी शांतता पसरते, ती मी एकदा अनुभवली आहे. चहावाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. कीव आली असावी.

याच टपरीवर बहुधा एक मावशी असतात. पाटीत फडक्याखाली दह्याची छोटी मडकी, हातात लिंबांची पिशवी. त्या "वर भेटू" म्हणून आतकरवाडीच्या दिशेनं निघतात. आपण नम्रपणे हसावं आणि हेल्मेटचा पट्टा आवळावा.

आता गोळेवाडीपासून घाट. आठ-नऊ किलोमीटरमध्ये पाचशे मीटरहून जास्त चढायचं आहे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, गड १३१२ मीटरवर, हे आकडे पाठ करून ठेवावेत. बोलता येत नसतं तेव्हा मनात म्हणायला काहीतरी लागतं. पहिल्या किलोमीटरमध्ये दुसऱ्या गिअरवर राहून एक गिअर राखीव ठेवावा. दुसऱ्या किलोमीटरमध्ये तो वापरावा. तिसऱ्यात, सवयीनं, बोट पुन्हा गिअरच्या खटक्याकडे जातं आणि खटका दबत नाही. संपले. हा क्षण घाटातला सर्वांत खासगी क्षण असून तो मागून आलेली एसटी हॉर्न वाजवून साजरा करते.

थांबायचं असेल तर दमलो म्हणून थांबू नये. 'दृश्य' म्हणून थांबावं. फोन काढून दरीचा फोटो घ्यावा. दरीत धुकं असल्यास धुक्याचा घ्यावा. धुकं एवढं असेल की दरीच दिसत नाही, तर साखळीकडे वाकून बघावं. साखळीकडे बघणाऱ्या माणसाला महाराष्ट्रात कोणी दमलेला समजत नाही, बिघडलेला समजतात, आणि मग दुचाकीवरचे तिघेजण थांबून "काय झालं?" असं विचारतात. एकट्या प्रवाशानं या घाटात दहा मिनिटं सलग एकटं राहून दाखवावं, हे माझं खुलं आव्हान आहे.

इतिहासाचा आधार घेण्यास हरकत नाही, पण जपून घ्यावा. १६७० च्या फेब्रुवारीत तानाजी मालुसरे रात्रीच्या अंधारात कडा चढून वर गेले. सूर्याजींनी परतीचे दोर कापल्याची कथा प्रत्येक पुणेकराला चौथीपासून ठाऊक आहे. आपल्या बाबतीत परतीचे दोर म्हणजे फोनची बॅटरी. वाट दाखवणारं अ‍ॅप, हृदयाचे ठोके मोजणारं अ‍ॅप आणि चढ मोजणारं अ‍ॅप मिळून ते दोर सकाळी नवापर्यंत कापून टाकतात. यापलीकडे तुलना ताणू नये.

वर वाहनतळाशी पोचल्यावर मावशी भेटतात. त्या केव्हाच्या आलेल्या असतात. मडकी मांडून झालेली असतात, दोन विकलीही गेलेली असतात. हिशेब अगदी सरळ आहे. त्या पायवाटेनं सरळ वर आल्या आणि आपण चालण्याच्या वेगानं लांबच्या रस्त्यानं आलो, शिवाय तीनदा दृश्य पाहिलं. "आलाव का!" असं त्या म्हणतात, त्यात टोमणा नसतो. असता तर बरं झालं असतं.

"एकलंच आलाय व्हय? घरचं कुनी न्हाय?"

"नाही मावशी, एकटाच."

"भांडून आलाय?"

इथे खरं सांगावं. भांडण नाही, हौस म्हणून आलो, असं सांगितलं की मावशी जरा जास्तच काळजीनं बघतात आणि दह्यावर चिमूटभर मीठ जास्त टाकतात. भांडून आलो म्हटलं तर दुसरं मडकं फुकट मिळण्याची शक्यता आहे. मी हा प्रयोग केलेला नाही, पण एका जाणकारानं केला आहे आणि तो आता दर रविवारी जातो.

पिठलं-भाकरी, भरीत, कांदाभजी हे सगळं मागवावं. मात्र एकट्यासाठी अर्धी थाळी मागू नये, तसा प्रकार नसतो. एकट्यानं बसायला जागा नसेल तर कोणत्यातरी कुटुंबाच्या सतरंजीवर बसवलं जातं. त्यांच्याकडे घरचे लाडू असतात. त्यांचा फोटो आपण काढायचा, आपला त्यांनी, आणि मग "तुम्ही पण या की मधे" म्हणून एक सामायिक. वाईच्या एका घरात, दिवाणखान्यात की फोनमध्ये ते माहीत नाही, आजही मी हेल्मेटसकट एका आजींच्या शेजारी उभा आहे.

आता उतार. डोंगरी सायकलीचं मोल उतारावर कळतं असं म्हणतात, आणि ब्रेकचंही. हा खेळ अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत रुजला. तिथल्या पोरांनी सत्तरच्या दशकात जुन्या, अवजड सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडल्या. १९७६ पासून ज्या उतारावर ते शर्यती लावत त्याचं नाव 'रिपॅक', कारण एका फेरीत मागच्या चाकाच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि ते पुन्हा भरावं लागायचं. वीस वर्षांनी, १९९६ ला, अटलांटात हा प्रकार ऑलिंपिकमध्ये गेला. ज्या काळात ही पोरं ग्रीस जाळत होती, त्याच काळात आपल्याकडे गावोगावचे दूधवाले हँडलला दोन आणि कॅरिअरला दोन किटल्या अडकवून, सळईच्या ब्रेकवर, चप्पल टायरला लावून उतार उतरत होते. दूध सांडत नसे. त्याला मात्र कोणी खेळ म्हणालं नाही.

आपल्या सायकलीला डिस्क ब्रेक असतात. ब्रेक सतत दाबून धरू नयेत. दाबावेत, सोडावेत, दाबावेत. थांबल्यावर डिस्क तापली आहे का हे पाहण्यासाठी तिला बोट लावू नये. मी उजव्या हाताचं पहिलं बोट लावलं होतं. तापली होती.

ज्या रस्त्यानं आलो त्यानं परतणं कमीपणाचं मानलं जातं, म्हणून घाट उतरताना वाटेत फुटणाऱ्या फाट्यानं कोंढणपूरकडे वळावं. कल्याण दरवाज्याखालच्या या बाजूला डांबर सोडून मुरमाच्या गाडीवाटा लागतात. सकाळपासून चाळीसेक किलोमीटर डांबरावर घासलेल्या डोंगरी सायकलीचा मातीशी पहिला परिचय इथे होतो. पुढचं सस्पेन्शन प्रथमच खालीवर होतं. अंगात काहीतरी चढतं. बांधावरून उडी मारावीशी वाटते. नेमकी त्याच वेळी बाभूळ लागते.

बाभळीचा काटा आत शिरताना आवाज होत नाही. मागचं चाक जरासं मऊ झाल्यासारखं वाटतं, मग वळणावर सायकल शेपूट हलवते, मग रिमला खडा लागल्याचा ठक्क आवाज येतो. उतरून चाक फिरवावं. काटा दिसतो, पांढरा, सरळ, दीड इंची. तो उपटावा की ठेवावा यावर दोन मतं आहेत. मी उपटला आणि फुस्स ऐकलं. पिशवीत ट्यूब होती, पंप होता. पंपाची नळी घरी होती, बाल्कनीत, कुंडीमागे. ही यादी रात्री तीनदा तपासली होती.

सायकल ढकलत गावात आणावी. पंक्चरवाला शक्यतो ट्रॅक्टरच्या टायरवर बसलेला असतो. घमेल्यात पाणी, कानस, सोलेशनची ट्यूब, सगळं तयार. तो टायर हातानंच सोडवतो, आपले प्लास्टिकचे रंगीत लिव्हर बघून "ठेवा आत" म्हणतो. ठिगळ पाच मिनिटांत बसतं. खरी अडचण हवेची. आपल्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, सुईसारखा आणि कॉम्प्रेसरचं तोंड ट्रॅक्टरचं.

"याला वॉलट्यूब कुठाय?"

"याला नसते. हे इंपोर्टेड आहे."

"मग हवा पण तिकडनंच आणायची का?"

यावर बोलू नये. त्यानं मग डबा उपसला. खिळे, साखळीचे तुकडे, एक घड्याळ, कोणाची तरी राखी आणि तळाशी पितळेची एक इवलीशी टोपी, कोणीतरी असाच सायकलवाला विसरून गेलेली. ती सुईवर बसली. हवा भरली. त्यानं अंगठ्यानं टायर दाबून पाहिलं आणि दगडासारखं घट्ट होईपर्यंत आणखी भरली. पैसे किती, तर "द्या काय ते". ती टोपी मला विकत हवी होती. "न्हाय," तो म्हणाला, "उद्या अजून एखादा येईल एकटाच." आणि टोपी डब्यात परत गेली.

कोंढणपूरच्या तुकाईला बाहेरूनच नमस्कार करून शिवापूरला यावं. पाय संपलेले असतात, म्हणून दर्ग्यापाशी सावलीत बसावं. कमरअली दरवेशांचा हा दर्गा इथल्या दगडासाठी प्रसिद्ध आहे. अकरा जणांनी गोल उभं राहून प्रत्येकानं उजव्या हाताचं एक बोट दगडाखाली लावायचं, एका दमात बाबांचं नाव घ्यायचं, आणि दगड वर उचलला जातो. मोठा दगड नव्वद किलोचा आहे म्हणतात. एकट्या प्रवाशासाठी हे स्थळ म्हणजे निव्वळ बघण्यापुरतं, असं समजून मी पायरीवर बूट काढून पाणी पीत बसलो होतो.

आत साताऱ्याकडचा एक घोळका होता. मोजत होते. नऊ, दहा. परत मोजलं, दहाच. एकानं इकडे तिकडे पाहिलं.

"ओ सायकलवाले! एकटेच आहात ना? या इकडं, एक कमी आहे."

डोक्याला रुमाल हवा म्हणाले. मी हेल्मेट दाखवलं. ते आपसांत बोलले आणि चालेल म्हणाले. मी गोलात जागा घेतली आणि उजव्या हाताचं पहिलं बोट पुढे केलं. टोकाला फोड आलेली, वर साखळीचं काळं तेल. शेजारच्यानं ते पाहिलं, खिशातून रुमाल काढून बोटाला गुंडाळला, आणि म्हणाला, "श्वास मोठा घ्या. मधे सोडायचा नाही."