टायटल क्लिअर नाही

माझ्या खात्यावर दीड लाखाचे गेम पडून आहेत, हे वाक्य मी घरात इतक्यांदा ऐकवलं होतं की एका संध्याकाळी गवार निवडता निवडता बायको म्हणाली, "अहो, मग विका ना." संपत्तीचा उल्लेख माणूस करतो तो कौतुकासाठी. त्यावर कोणी अंमलबजावणी सुचवेल, अशी त्याची अपेक्षा नसते. पण वॉशिंग मशीनने नेमकी त्याच आठवड्यात मान टाकली होती, आणि 'वेळ पडली तर हे गेम उभे राहतील' हेही मीच कधीतरी छाती काढून म्हणालो होतो.

त्यात मी बँकेच्या कर्ज विभागातला. समोरच्याने तारण म्हणून काहीही पुढे केलं तरी चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून मी एकच प्रश्न विचारतो : टायटल क्लिअर आहे का? जमिनीचा खसरा दाखवा, बी-वन दाखवा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणा. दुर्गपासून चरोद्यापर्यंतचे कर्जदार यासाठी मला मनातल्या मनात शिव्या देतात आणि मी त्याला आदर समजतो. अशा माणसाने स्वतःच्या दीड लाखाचा एकही कागद वाचलेला नव्हता. अटींचं पान आलं की अंगठ्याने सर्रकन खाली जायचं आणि 'मान्य' दाबायचं. माझ्यासमोर एखाद्या शेतकऱ्याने असं केलं असतं तर मी त्याला पाऊण तास बौद्धिक दिलं असतं.

तर माझा संग्रह. (आई त्याला 'तो पसारा' म्हणते.) त्याचे दोन भाग. एक काचेच्या शोकेसमधला : डब्या, सीड्या, नकाशे, जाड मॅन्युअलं. पाहुणे आले की मी त्यांना सहज म्हणून त्या शोकेसच्या समोरच्या खुर्चीत बसवतो. दुसरा भाग हवेत, म्हणजे स्टीम नावाच्या एका मोठ्या परदेशी दुकानातल्या माझ्या खात्यात. विक्रीचा मुहूर्त मी शोकेसपासून करायचं ठरवलं आणि तिथेच कळलं की शोकेसमध्ये टरफलं आहेत. २००४ साली हाफ-लाइफ २ आला तेव्हाची गोष्ट. डबी दुकानातून आणायची, डिस्क हातात असायची, तरी आधी इंटरनेटवर जाऊन डबीतला कोड स्टीमच्या खात्याला बांधायचा आणि मगच खेळायचं. कोड एकदा एका खात्याला बांधला गेला की सुटत नाही. तीच रीत मग पीसीच्या बहुतेक मोठ्या गेमांनी उचलली. उरलेल्या डिस्कचा उपयोग पेरूवरचे पोपट हाकलायला. तो मात्र उत्तम होतो, मी करून पाहिला आहे.

प्लेस्टेशनवाल्या पोरांचं बरं आहे. नवा फुटबॉल आला की गेल्या वर्षीची डिस्क विकून मोकळे. तेही सुख जाणारच होतं. २०१३ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर केला तेव्हा डिस्कच्या गळ्यातही खात्याचं दावं बांधायचा बेत होता. जूनमध्ये सोनीने त्यावर एक चिमुकला व्हिडिओ काढला : वापरलेला गेम मित्राला कसा द्यावा? एक माणूस डबी दुसऱ्याच्या हातात देतो, दुसरा थँक्यू म्हणतो, संपलं. जगभर टाळ्या. १९ जूनला मायक्रोसॉफ्टने बेत गुंडाळला. माणसाने माणसाला डबी दिली यावर टाळ्या पडाव्यात असे दिवस आले आहेत, याची नोंद मी तेव्हाच घ्यायला हवी होती. पण मी तेव्हा सेलमध्ये गेम घेत होतो.

आपल्या कॉपीराइट कायद्यातही एक मजा आहे. कायदा १९५७ चा. १९९४ च्या दुरुस्तीत संगणकाच्या प्रोग्रामबद्दल असं घातलं होतं की प्रत आधी विकली गेलेली असो वा नसो, तिच्या विक्रीचा हक्क कॉपीराइटच्या धन्याकडेच. १९९९ साली 'विकली गेलेली असो वा नसो'चा तो भाग काढून टाकला. हे वाचून मी खुर्चीत जरा सरसावून बसलो. पण कायद्याने दार मोकळं करून काय होतं? कुलूप त्याच्या हातात नाही, ते कुठल्यातरी सर्व्हरवर आहे. मग मी आयुष्यात पहिल्यांदा अटींचं पान वाचलं. आपण गेम घेतलेला नसतो, वापरायची परवानगी घेतलेली असते. ती कोणाला देता येत नाही, विकता येत नाही. २०२४ साली कुणीतरी स्टीमला विचारलं की मी मेल्यावर खातं मृत्युपत्राने देता येईल का. उत्तर आलं : नाही. आमच्या बँकेत शून्य शिलकीच्या जनधन खात्यालासुद्धा नॉमिनी असतो हो.

खरं तर माझ्यासारख्या भिलाईच्या माणसाला हे सगळं नवं वाटायला नको. आमचं अख्खं बालपण परवानगीवर गेलं. बाबा वर्धा जिल्ह्यातून इथे आले ते साठच्या दशकात, रशियनांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्यात. पहिली धमनभट्टी १९५९ च्या फेब्रुवारीत पेटली होती आणि टाउनशिप अजून ओलीच होती. क्वार्टर मिळालं. क्वार्टर कारखान्याचं, वीज कारखान्याची, शाळा कारखान्याची, सेक्टर नऊचा दवाखाना कारखान्याचा. आपलं काय, तर परसातली माती, तीही वरवरची. पण त्या मातीत लोकांनी काय काय केलं! तमिळींनी कढीपत्ता लावला, बंगाल्यांनी पुई लावली, आम्ही अळू लावलं, आणि मुनगा सगळ्यांनी लावला. मागे शेड, पुढे स्कूटरचं गॅरेज, बाजूला द्राक्षाचा मांडव (द्राक्षं एकदाही गोड झाली नाहीत). दोन खोल्यांच्या क्वार्टरला लोकांनी मनाने पाच खोल्या जोडल्या. मग रिटायरमेंट यायची आणि कागद यायचा : क्वार्टर खाली करा. शेडचे पत्रे उतरायचे, मांडवाचे पाइप निघायचे, किल्ली नगर सेवा विभागात जमा व्हायची. झाडाचा मोबदला कोणी मागायचा नाही, कोणी द्यायचा नाही.

शेजारच्या केरळी अंकलनी दसरी आंबा लावला होता. स्वतः गेले कोहक्याला, घर बांधून. पण दर मे महिन्यात स्कूटर काढून सेक्टरमध्ये यायचे, जुन्या क्वार्टरसमोर गाडी स्टँडवर लावायचे आणि झाडाकडे मान वर करून बघत राहायचे. नवे अलॉटी बिहारचे. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं चोर आहे. दुसऱ्या वर्षी त्यांनी खुर्ची बाहेर आणून दिली. तिसऱ्या वर्षापासून पिशवी तयार असायची. अंकल आंबे घेऊन घरी यायचे आणि आंटीला म्हणायचे, "ये लोग खाद नहीं डालते." एकदा ते स्वतःच शेणखताचं पोतं घेऊन गेले. त्या क्वार्टरचे नंतर आणखी दोन अलॉटी झाले. आंब्याची पिशवी आणि अंकलची कुरकुर, दोन्ही क्वार्टरबरोबरच हस्तांतरित होत राहिल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत कितीतरी क्वार्टरं लोकांना लीजवर मिळाली, तेव्हा अंकल हळहळले होते. घरासाठी नव्हे, दसरीसाठी.

मी फार वेळ परसात रमलो, ठाऊक आहे. पण क्वार्टरचा व्यवहार मला आज फार सरळ वाटतो. पहिल्याच दिवशी अलॉटमेंटच्या कागदावर सगळं स्वच्छ असायचं. भाडं पगारातून कापलं जायचं आणि गेटावर कोणी 'विकत घ्या' अशी पाटी लावलेली नसायची. इथे पाटी 'विकत घ्या'ची, पैसे विकतचे, पावती विकतची आणि आत बिऱ्हाड भाड्याचं. कॅलिफोर्नियाला यासाठी वेगळा कायदा करावा लागला : १ जानेवारी २०२५ पासून तिथे डिजिटल माल असा विकायचा तर ही नुसती परवानगी आहे, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावं लागतं. याचा मला मनापासून राग येतो. विनोदी लेखात राग बसत नाही, म्हणून एवढ्यावरच थांबतो.

राग आलेला मी एकटाच नाही. फ्रान्सच्या ग्राहक संघटनेने स्टीमच्या मालकांना, म्हणजे व्हॉल्व्हला, कोर्टात खेचलं. सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टाने सांगितलं, गेम विकता आले पाहिजेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने ते फिरवलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च पातळीवर संघटना कायमची हरली. खरं तर युरोपच्या कोर्टाने २०१२ सालीच म्हटलं होतं की डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरसुद्धा पुढे विकता येतं. पण गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, त्यात चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं आलं, त्याला तो न्याय लागू नाही, असं ठरलं. त्यामागचा युक्तिवाद मला झोपू देत नाही : डिजिटल प्रत झिजत नाही. जुनी म्हणून विकलेली प्रत नव्याइतकीच कोरी. मग नवी घेईल कोण? म्हणजे सेकंडहँड बाजारात बसायला माल थोडा तरी खराब हवा. माझा संग्रह जपून वापरलेला आहे, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तोच त्याचा गुन्हा.

उरला मार्ग अख्खं खातंच विकण्याचा. तो नियमात बसत नाही, पण भिलाईतली पोरं पबजीच्या काळापासून आयडी विकतातच. २०२० च्या सप्टेंबरात पबजीवर बंदी आली तेव्हा कितीतरी जणांची गुंतवणूक एका रात्रीत बुडाली होती. माहिती काढतो म्हणता म्हणता जुनवानीच्या हॉस्टेलवरचा इंजिनीअरिंगचा एक पोरगा घरीच आला. मी त्याला शोकेससमोरच्या खुर्चीत बसवलं. त्याने शोकेसकडे पाहिलं नाही.

"अंकल, फर्स्ट मेल दोगे ना?"

खातं ज्या ई-मेलवर उघडलं तो, म्हणजे फर्स्ट मेल. तो विकणाऱ्याकडे राहिला तर विकणारा आठवड्याने कंपनीला 'माझं खातं चोरीला गेलं' असं कळवून ते परत ओढून घेतो. त्याच्या हॉस्टेलवर हे होऊन गेलं होतं. मी बँकेतला अधिकारी, मंडळाच्या गणपतीचा खजिनदार, आणि हा मिशी न फुटलेला मुलगा मला टायटल क्लिअर आहे का विचारत होता! आणि बरोबर विचारत होता. मी स्वतः याहून कमी कागदांवर कर्ज दिलं नसतं.

मग त्याने माझी यादी वर-खाली केली. "ये तो सेल में उनचास रुपये का आता है. ये फ्री में मिला था सबको. ये... ये किसने खरीदा था?" दीड लाखाचे त्याने पाच मिनिटांत तीन हजार केले. मूल्यांकन इतकं निर्दय आणि इतकं अचूक होतं की आमच्या पॅनेलवर घ्यावासा वाटला. मधेच तो थबकला. "अंकल, ये ट्रेनवाले में नौ सौ घंटे? आप ठीक तो हो?"

ते बाबांचे. रिटायर झाल्यावर दुपारी करमेना, म्हणून मी त्यांना रेल्वे चालवायचा गेम लावून दिला होता. गाडी वेळेवर पोचवायची, हा त्या गेमचा उद्देश. बाबांची नोकरी रेल मिलमध्ये गेलेली. त्यांना गाडीत काडीचा रस नव्हता, ते रूळ बघायचे. जर्मनीतली भरधाव एक्स्प्रेस ते मधेच जंगलात उभी करायचे, कॅमेरा खाली घ्यायचे आणि जोड तपासायचे. "आपल्याकडे दोनशे साठ मीटरचं पॅनल जातं आता," असं त्या जर्मनांना ऐकवायचे. गेम दर वेळी दंड करायचा. त्यांचे सगळे दंड, सगळा उशीर माझ्या नावावर जमा आहे. शेवटची गाडी अजून कुठल्यातरी जंगलात सेव्ह केलेली आहे. ती मी पुढे नेलेली नाही. नेता येते, नेली नाही इतकंच.

"मेल बदलते ही ये सब भी मेरे नाम पे आ जाएगा," पोरगा म्हणाला. त्याला दिलासा द्यायचा होता.

मी ताठ बसलो आणि बँकेच्या आवाजात त्याला सांगितलं की अटींच्या अमुक कलमानुसार खात्याचं हस्तांतरण करता येत नाही, जबाबदार माणसाने असे व्यवहार करू नयेत, त्यानेही करू नयेत. स्वयंपाकघरातून बायको ऐकत होती. ती काही बोलली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार.

पोरगा उठला आणि तेव्हा कुठे त्याची नजर शोकेसवर गेली. खालच्या फळीवर माझा इरोडोव्ह होता. मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचा, भौतिकशास्त्राची १९०० च्या आसपास गणितं असलेला. आयआयटीच्या मागे लागलेल्या भिलाईत हे पुस्तक घरोघर फिरायचं. माझी प्रतही अशीच फिरत माझ्याकडे आली. मी त्यातली किती सोडवली हे विचारू नये. ते शोकेसमध्ये आहे यावरून ओळखावं.

"ये बेचोगे?"

मी शंभर म्हणालो. तो तीसवर आला. मी कागदाच्या दर्जावर बोललो, त्याने उलगडलेल्या बाइंडिंगवर बोट ठेवलं. साठला सौदा ठरला. माझा आवाज धंदेवाईक झाला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या मालकीचं काहीतरी विकलं जात होतं. पैसे पाठवायला त्याने फोन काढला, सवयीने पहिलं पान उघडलं आणि त्यावरची नावं वाचली. दोन खोडलेली, एक बंगालीत, एक सेक्टर दहाच्या पत्त्यासकट, सगळ्यात खाली माझं, लफ्फेदार सहीसह.

"अंकल," तो म्हणाला, "पाँचवें हाथ का माल है. बीस रुपये और कम करो."