चार चाकांचा हट्ट

चार चाकं हवीत हा हट्ट माझा. बायकोनं फक्त एकदा, अलिबागजवळ नागावच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत उभं राहून म्हटलं होतं, "असली गाडी असती तर मी बी चालवली असती." असली म्हणजे फुगीर टायरांची, चार चाकांची, मोटारसायकलसारखं हँडल असलेली बीच बाइक. भाड्यानं गाडी देणारा पोरगा तिच्यामागं बसला होता. उजव्या अंगठ्यानं खटका दाबायचा की गाडी पळते, सोडला की मंदावते. गिअर नाही, क्लच नाही, पडायची धास्ती नाही. ती दोन चकरा मारून आली तेव्हा पदर कमरेला खोचलेला होता आणि पैसे देताना तिनं घासाघीससुद्धा केली नाही. वीस वर्षांच्या संसारात असं मी प्रथमच पाहिलं.

ती अंगणवाडी सेविका. आमच्या येरमाळ्याहून तिच्या अंगणवाडीची वस्ती थोड्याच अंतरावर, पण मधे सोलापूर-धुळे महामार्ग ओलांडावा लागतो आणि हंगामात उसाच्या जोडट्रॉल्या काय असतात हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. इतकी वर्षं मीच तिला मोटारसायकलवरून सोडत आणि आणत आलो. दुपारी फोन आला की म्हणायचं, "फाट्यावर थांब, आलोच." आता माझी शाळा लांब गेली, म्हणून तिला गाडी शिकवायची ठरलं. ठरवलं मी. गाडीही मीच निवडणार होतो, कारण तिला गाडीतलं काय कळतं?

नागावची गाडी येरमाळ्यात कशी आणायची, याचा मी फार अभ्यास केला. किनाऱ्यावरच्या गाड्यांना सहसा नंबरच नसतो. पोलारिस कंपनीनं एक मॉडेल रस्त्यावर चालेल असं काढलं, पण ते ट्रॅक्टर म्हणून आणि आठ लाखांच्या आसपास. अंगणवाडीचा खाऊ ट्रॅक्टरनं! अजून वाचलं तर कळलं की होंडानं 1970 मध्ये अमेरिकेत ही जात आणली तेव्हा तिला चाकं तीनच होती. ती इतकी उलटायची की 1988 मध्ये तिकडं तिची विक्री थांबली. चौथं चाक आल्यावर उलटणं कमी झालं, संपलं नाही. नवख्या माणसाला म्हणे सगळ्यात मोठी सवय एकच मोडावी लागते, घाबरल्यावर पाय खाली टेकवायची. दुचाकीवर तो आधार, इथं मागचं चाक पायावरून जातं. मी हे वाचून दाखवलं. ती ताटात ज्वारीचं पीठ चाळत होती. म्हणाली, "मग नका घेऊ."

माघार घेतो तो नवरा कसला? बजाजची क्यूट आठवली. आपल्याच मराठवाड्यात, वाळूजला बनलेली. 2012 मध्ये लोकांना दाखवली, 216 सीसीचं इंजिन, सरकारी भाषेत ना रिक्षा ना मोटार तर क्वाड्रिसायकल. ती कायद्याच्या कुठल्या खान्यात बसवायची यातच वर्षं गेली. 2019 मध्ये घरगुती वापरासाठी मिळायला लागली तेव्हा किंमत अडीच लाखांच्या घरात. फोटो बघून बायको म्हणाली, "रिक्षाला दारं लावलीत." खानेसुमारी करणारे सगळे अधिकारी जिथं अडले तिथं ती अर्ध्या मिनिटात मोकळी झाली.

शेवटी गॅरेजवाल्या मिस्तरीकडं गेलो. स्कूटरला मागं दोन्ही बाजूंनी जास्तीची चाकं लावतात ना, तशी लावून द्या म्हटलं. त्यानं पाना खाली ठेवला. "सर, वैनींचे पाय बरे हायेत ना?" बरे आहेत म्हटलं. "मग कशाला? ज्यांना पाय टेकता येत न्हाईत त्यांच्यासाठी लई कामाची चीज हाय ती. पण दुचाकी वळणावर कलती म्हणून वळती. बाजूला चाकं लावली की कलत न्हाई, अन् कलली न्हाई की माणूस बाहेर फेकल्यावानी हुतो. दोन महिन्यांनी चाकं काढा म्हणाल, तवा वैनींना सगळं पहिल्यापासून शिकावं लागंल." हे कोणत्याच पुस्तकात इतकं नीट लिहिलेलं नव्हतं.

माझा अभ्यास असा चौखूर उधळलेला असताना बायकोनं शेजारच्या मुलीची जुनी स्कूटी पेप प्लस बघून ठेवली होती. मुलगी पुण्याला शिकायला गेली, गाडी पत्र्याखाली उभी. बायकोची तपासणी फार वेगळी. सीटवर बसून दोन्ही टाचा टेकतात का. स्टँडवर एकटीला चढवता येते का. पुढच्या हुकला पिशवी अडकवली तर गुडघ्याला लागते का. सगळं झाल्यावर मला विचारलं, "वजन किती असंल?" 93 किलो, मी ऐटीत सांगितलं. "तुमच्यापेक्षा थोडंच जास्त," ती म्हणाली, "सांभाळंल."

बायकोनं असं आपल्या मनाचं करणं आमच्या येडाईच्या डोंगराखाली शोभून दिसतं. इथं सांगतात की राम सीतेला शोधत हिंडत होता तेव्हा शंकर नको म्हणत असताना पार्वती सीतेचं रूप घेऊन त्याची परीक्षा बघायला गेली. रामानं ओळखलं आणि म्हणाला, येडी गं तू. नवऱ्याचं न ऐकलेल्या त्या येडीचं देऊळ आज डोंगरावर आहे, आणि चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुन्याच्या रानात खडे वेचायला लाखो माणसं येतात. शंकराची इथली वर्दळ मी कधी मोजलेली नाही.

लर्निंग लायसन काढलं. शाळेच्या मैदानावर ती आठ दिवसांत शिकली. मी मात्र मागं बसायला अजून शिकतोय. उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबतो. ती डावीकडं कलली की मी उजवीकडं ओढतो. महामार्गाच्या कडेला ती थांबली, ट्रॉली जाऊ दिली, दुसरीही जाऊ दिली. मी म्हटलं, "आता हो पुढं." ती मान न वळवता म्हणाली, "मी चालवायलीय का तुम्ही? अंग सैल सोडा. गाडी तुमच्याकडं ओढायलीय."

पहिल्या दिवशी सोबत म्हणून गेलो होतो. फाट्यावर तिनं मला उतरवलं. अंगणवाड्यांच्या बीटची मीटिंग होती, दुसऱ्या सेविकेला मागं बसवून न्यायचं होतं. आरशात बघून पदर नीट केला आणि म्हणाली, "इथंच थांबा, आलेच."

फाट्यावर लिंबाचं झाड आहे, पण सावली रस्त्यापलीकडं पडते. अलीकडं एक दगड आहे, बसून बसून वरून गुळगुळीत झालेला. मी त्याच्यावर बसलो आणि लगेच उठलो. तापला होता.