पाच कोटींची समता

चाकणच्या कंत्राटी कामगाराच्या पगाराला मर्यादा असते. पण तिला कुणी 'समान संधी' म्हणत नाही. प्रो कबड्डीत म्हणतात. दहाव्या हंगामात प्रत्येक संघाला खेळाडूंवर खर्चायला ५ कोटी रुपयेच होते.

या समतेतून तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाख ५० हजार ओतले. उरलेल्या निम्म्यात बाकीचा संघ! २२ सामन्यांत विजय दोन, स्थान तळाचं. शेजारच्या बालेवाडीच्या पुणेरी पलटणनेही मोहम्मदरेझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले होतेच, पण नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार आणि त्याच्यासारखी घडवलेली पोरं त्यांच्या हाताशी आधीपासून होती. मार्च २०२४ मध्ये करंडक पलटणचा. पुढच्या लिलावात शादलू हरियाणा स्टीलर्सकडे गेला. करंडकही त्याच्यामागोमाग गेला.

म्हणजे पैसा सारखा वाटता येतो, अक्कल नाही.

आणि पैसा तरी? ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये मेलबर्न स्टॉर्मने अशीच मर्यादा चुकवायला पगाराचे दोन हिशेब ठेवल्याचं २०१० मध्ये उघड झालं. २००७ आणि २००९ ची विजेतेपदं काढून घेतली गेली. दुहेरी वहीखातं, अगदी घरच्यासारखं!

मर्यादा पगाराला, मालकाच्या नफ्याला कसली? २०१३ मध्ये बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातल्या कामगारांनी एक रुपया दराने प्रत्येकी ५०० शेअर मागितले होते. संप ५० दिवस चालला. शेअर मिळाले नाहीत.