त्रुटीपूर्ततेसाठी परत

सातारच्या कलेक्टर कचेरीत पस्तीस वर्षे चाकरी करून, पैकी अखेरची अकरा अव्वल कारकून या हुद्द्यावर काढून, २०१० साली मी सेवानिवृत्त झालो, तेव्हा निरोपाच्या सभेत एका वक्त्याने असे उद्गार काढले की, ज्या अर्जावरून यांची नजर फिरली त्या अर्जात दोष राहणे अशक्य. या स्तुतीत तथ्य होते; मात्र दोष नाहीसा करण्याचा माझा उपाय अर्ज दुरुस्त करणे हा नसून तो परत पाठवणे हा होता, एवढे वक्त्याने सौजन्याने वगळले. ‘त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे’ हा शेरा मी हयातीत किती वेळा लिहिला असेल याची मोजदाद नाही. पुढे पुढे तो हातून आपोआपच उमटे, आणि एकदा वाण्याच्या यादीखालीही उमटला होता, असे आमच्या सौभाग्यवती पाहुण्यांना अद्याप सांगतात.

हे आत्मचरित्र उगाळण्याचे प्रयोजन असे की, २०२५ साली आमची नात दहावी उत्तीर्ण झाली, आणि अकरावीच्या प्रवेशाची जी ऑनलाईन पद्धत तोवर मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांपुरती होती, ती नेमकी त्याच वर्षी सबंध राज्याला लागू झाली. तोपर्यंत सातारच्या मुलाने कॉलेजच्या खिडकीशी जावे, अर्ज घ्यावा आणि ओळखीचा कारकून निघाल्यास दोन शब्द अधिक बोलावे, असा सरळ रिवाज होता. नव्या फर्मानाने घरातील सर्वांच्या छातीत धडकी भरली. मला मात्र, खरे सांगायचे तर, हर्ष झाला. अर्ज, मुदत, दाखला, पडताळणी, हरकत, यादी हे शब्द वर्तमानपत्रात एकाच रकान्यात वाचून, पंधरा वर्षांनी माहेरची माणसे भेटावीत तसे मला झाले.

माझा स्वतःचा प्रवेश १९६९ सालचा. त्या काळी एस.एस.सी. अकरावीला असे, ती दहावीत आली ती पुढे १९७५ साली. निकाल वर्तमानपत्रात नुसत्या क्रमांकांच्या रूपाने छापून येई, आणि आपला क्रमांक त्या मुंग्यांच्या वारुळात सापडला की मनुष्य पास झाला, न सापडला तर छपाईची चूक झाली, असे घरोघरी मानीत. मी पास झालो. दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात नेले. विज्ञानाच्या खिडकीपुढे रांग फार मोठी होती आणि वडिलांना दुपारच्या एस.टी.ने गावी परतायचे होते, सबब मी कला शाखेत गेलो. एवढ्या विचारांती घेतलेल्या त्या निर्णयाचा पश्चात्ताप करण्याचे कारण मला आजतागायत पडलेले नाही.

नातीच्या बाबतीत असा उतावळेपणा होऊ द्यायचा नाही, हा माझा निश्चय होता. फेब्रुवारीत शाळेत दहावीच्या वर्गाचा निरोपसमारंभ झाला. ज्या मुली परवापर्यंत दप्तर फरफटत नेत होत्या त्या आयांच्या साड्या नेसून, वीस वर्षांनी मोठ्या होऊन आल्या, भाषणे करताना रडल्या, फोटो काढताना हसल्या, आणि घरी येऊन भूमितीचे पुस्तक कोठे आहे म्हणून शोधू लागल्या. त्याच रात्री मी दोनशे पानी वही काढून तीवर ‘प्रवेश नियोजन’ असे लिहिले आणि आत तांबड्या शाईने रकाने आखले: अनुक्रमांक, महाविद्यालयाचे नाव, शाखा, घरापासूनचे अंतर, शुल्क, गतवर्षीचा कटऑफ, शेरा. शेऱ्याचा रकाना मी सवयीने सर्वांत रुंद ठेवला.

यानंतर दर रविवारी आमच्या घरी खलबत भरू लागले. पुण्याचा मामा फोनवरून हजर राही. त्याचे मत, मुलीला पुण्यास धाडावे, नाव एका कॉलेजात घालावे व शिकवणी दुसरीकडे लावावी. म्हणजे कॉलेजात जाण्याचा वेळ अभ्यासासाठी मोकळा मिळतो. चिरंजीवांना अभियांत्रिकी हवी होती, कारण ती त्यांना स्वतःला मिळाली नव्हती; सूनबाईंना वैद्यकी हवी होती, कारण ती शेजारच्या मुलीला मिळाली होती. सौभाग्यवतींचा आग्रह एवढाच की, जे काय असेल ते जेवायच्या वेळेस घरी पोहोचता येईल असे असावे. मी कोणत्याही पक्षाला न मिळता सर्वांची मते वहीत नोंदवून घेत होतो. जिच्यासाठी हे राजकारण चालले होते ती नात या सुमारास आतल्या खोलीत इतिहासाचे उत्तर पाठ करीत असे आणि ‘जरा हळू बोला ना’ एवढेच मतप्रदर्शन करी.

१३ मे रोजी दुपारी एक वाजता निकाल लागला. सहा विषयांपैकी उत्तम पाच धरून ४३७ गुण, म्हणजे ८७.४० टक्के. १९६९ सालच्या हिशेबाने एवढ्या गुणांच्या मुलाची गावातून मिरवणूक निघाली असती. मी स्वतः जाऊन दोन किलो कंदी पेढे आणले आणि आळीत वाटावयास निघालो. परंतु पहिल्याच दारी गृहस्थांनी पेढा उचलण्यापूर्वी ‘नव्वद नाही का झाले?’ असे ज्या स्वरात विचारले, तो स्वर मी आजवर केवळ दुखवट्याच्या भेटीत ऐकला होता. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेचे, खेळाचे असे वाढीव गुण मिळून कित्येक मुले हल्ली शंभर टक्क्यांनाही टेकतात. परमेश्वरालाही परीक्षेस बसवले तर एखाद्या शुद्धलेखनाच्या चुकीने अर्धा गुण जाईल, अशी आमची समजूत होती. ती आता मागे घेतली पाहिजे.

शुद्धलेखनाचा विषय निघालाच आहे, तर मूळ मुद्द्याकडे वळतो.

अर्जाचे भाग दोन. पहिल्या भागात स्वतःची माहिती व दाखले, दुसऱ्यात एक ते दहापर्यंत महाविद्यालयांचा पसंतीक्रम. नियम असा की, पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तेथे प्रवेश घ्यावाच लागतो, त्यामुळे पहिले नाव लिहिताना मनुष्याने लग्नाची याद करावी. अर्ज भरण्यास मी वही घेऊन बसलो. नात मोबाईल घेऊन बसली. प्रत्येक पायरीस ओटीपी लागे, तो चिरंजीवांच्या मोबाईलवर जाई, आणि चिरंजीव ज्या कारखान्यात काम करतात तेथे पाळीच्या वेळी मोबाईल दाराशी जमा करावा लागतो. अखेर दारावरच्या रखवालदारास विश्वासात घेऊन आम्ही पहिला भाग सादर केला.

तो परत आला. शेरा इंग्रजीत होता, पण त्याचे भाषांतर करून घेण्याची मला गरज पडली नाही. जातीच्या दाखल्यावरील नाव व गुणपत्रिकेवरील नाव यांत तफावत.

या तफावतीचा कर्ता कोण, हे शोधण्यास पाच मिनिटेही लागली नाहीत. नगरपालिकेच्या जन्मनोंदीत, आधार कार्डावर आणि त्यांवरून निघालेल्या दाखल्यांवर मुलीचे नाव ‘रुजुता’ होते. २०१५ साली तिला पहिलीत घालण्यास मी गेलो होतो. आणि ‘ऋजु’ म्हणजे सरळ, या संस्कृत शब्दापासून झालेल्या नावाचा असा विध्वंस मला सहन न झाल्याने, शाळेच्या अर्जावर मी माझ्या वळणदार अक्षरात ‘ऋजुता’ असे लिहिले, आणि इंग्रजीतही आर-यू ऐवजी आर-आय केले. मुख्याध्यापकांनी त्या वेळी अक्षराचे कौतुक केले होते. दहा वर्षे ते नाव शाळेच्या रजिस्टरात सुखाने नांदले, तेथून बोर्डात गेले, बोर्डातून गुणपत्रिकेवर उतरले, आणि आता सरळपणाच्या त्या एका अक्षरापायी मुलीचे घोडे अडले. घरात कोणी काही बोलले नाही. सूनबाईंनी फक्त माझा चहा जरा आवाज करून ठेवला.

उपाय प्रतिज्ञापत्राचा. ‘सदर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असून’ या धाटणीची प्रतिज्ञापत्रे मी शेकड्यांनी तपासलेली. मसुदा मीच केला, कचेरीबाहेरच्या टंकलेखकाकडून छापून घेतला, चिरंजीवांची सही घेतली, आणि ज्या इमारतीत पस्तीस वर्षे काढली तिच्या आवारातल्या खिडकीशी रांगेत उभा राहिलो. आत पंचविशीची एक मुलगी होती. ती मला ओळखत नव्हती, आणि मीही ओळख दिली नाही. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाली, “काका, यात दोन्ही नावं सारखीच आहेत.”

मी चष्मा लावून पाहिले. माझ्या चिरंजीवांनी सत्यप्रतिज्ञेवर असे कबूल केले होते की, ऋजुता आणि ऋजुता ही एकच व्यक्ती होय. अशुद्ध नाव लिहिण्यास माझ्या लेखणीने मसुद्यातच नकार दिला होता, आणि टंकलेखकाने मूळ मजकुराचा मान राखला होता. मुलीने समासात पेन्सिलीने बारीक खूण केली आणि कागद खिडकीतून बाहेर सरकवला. तिची ती सरकवण्याची रीत निर्दोष होती. माणूस रांगेतून निघून जाईपर्यंत वर पाहायचे नाही, हे तिला कोणी शिकवले असावे.

दुसऱ्या मसुद्यात तेवढा शब्द नातीने लिहिला. अर्ज मंजूर झाला. दुसऱ्या भागातले दहा रकाने तिने माझी वही आतल्या खोलीत असताना दहा मिनिटांत भरले, आणि सगळीकडे शाखा वाणिज्य लिहिली. ‘वाणिज्य का?’ असे मामाने फोनवरून विचारले, तेव्हा ‘मला आवडतं म्हणून’ असे तिने उत्तर दिले. या कारणासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. दुसऱ्या यादीत तिला तिसऱ्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले. ते घरापासून चालत बारा मिनिटांवर असल्याने सौभाग्यवतींचा पक्ष तेवढा विजयी झाला.

ऑगस्टात तिचे ओळखपत्र आले. फोटो बरा आहे. नाव ‘रूजुता’ असे, रु दीर्घ करून छापले आहे. घरात अद्याप कोणाच्या ते लक्षात आलेले नाही, आणि बारावीच्या परीक्षेचा अर्ज पुढील वर्षी भरावयाचा आहे.