उरलेला अर्धा धडा

इंदूरच्या भंवरकुआँ भागातल्या हॉस्टेलांत राहणाऱ्या पोरांना एमपीपीएससी या राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासाबरोबर टेलिग्रामवर आणखी एक विषय फुकट शिकवला जातो: फॉरेक्स, म्हणजे परकीय चलनांचे सौदे. पिप, लॉट, स्प्रेड, लीव्हरेज. शब्द खरे आहेत, पण शिकवणारे अर्ध्यावर थांबतात.

मोबाइलवर युरो-डॉलरचे दोन भाव दिसतात, 1.0850 आणि 1.0852. पहिल्या भावाने ॲपवाली कंपनी तुमच्याकडून युरो घेणार, दुसऱ्याने तुम्हाला विकणार. मधला फरक म्हणजे स्प्रेड. चौथ्या दशांश स्थळावरचा एक आकडा म्हणजे पिप. पूर्ण लॉट एक लाख युरोचा, म्हणून एक पिप 10 डॉलरचा. बटण दाबलं की दोन पिपांचे 20 डॉलर गेले. बाजार अजून हललेलाही नाही.

आता लीव्हरेज. ‘भिया, एकास पाचशे देतो,’ असं एजंट सांगतो. म्हणजे 217 डॉलर मार्जिन म्हणून अडकवून लाख युरोचा सौदा. खात्यात टाकलेत 500 डॉलर, चाळीस हजारांहून जास्त रुपये, आणि ते बहुधा घरून फीसाठी आलेले. भाव 50 पिप उलटा गेला की सगळे साफ. 50 पिप म्हणजे अर्धा सेंट. एवढं तर युरो एका दुपारीही हलतो. खरं तर मार्जिन त्याआधीच आटतं आणि कंपनी सौदा परस्पर बंद करते. युरोपच्या नियामकाने 2018 साली किरकोळ ग्राहकांसाठी लीव्हरेज फार तर 30 पटींवर आणलं, कारण अशा सौद्यांत 74 ते 89 टक्के खाती तोट्यात जात होती. हे आकडे कोणत्या क्लासच्या फळ्यावर लिहिलेले आहेत?

चलनाची अदलाबदल इंदूरला नवी नाही. होळकरांचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार दोन्ही इथे चालत, आणि सराफ बट्टा घेऊन एकाचा दुसरा करून देत. बट्टा जाचक असेल, पण सराफ समोर गादीवर बसलेला असे आणि रुपया वाजवून घेता येई. ॲपवर समोर कोण आहे? पुष्कळदा स्वतः कंपनीच. तुमचा तोटा हीच तिची कमाई. त्यात ॲप बनावट असेल तर आलेखही तिनेच काढलेला.

कायदा स्पष्ट आहे. फेमा या परकीय चलन कायद्याखाली भारतात राहणाऱ्याला चलनाचे सौदे अधिकृत बँक-दलालांशी, आणि ऑनलाइन करायचे तर रिझर्व्ह बँकेने मान्य केलेल्या मंचांवर किंवा एनएसई, बीएसईसारख्या मान्यताप्राप्त बाजारांतच करता येतात. मे 2024 पासून तिथेही डॉलरचं खरं देणंघेणं असल्याशिवाय रुपयाच्या जोडीत उतरता येत नाही. पीथमपूरच्या औषध कारखान्याला तीन महिन्यांनी डॉलर मिळायचे असतील, तर तो आजच भाव बांधून घेतो. ही सोय त्याच्यासाठी आहे. परदेशी ॲपवर मार्जिन भरायला, परदेशात पैसे पाठवू देणारी उदारीकृत प्रेषण योजनाही चालत नाही. रिझर्व्ह बँकेने 2022 पासून अनधिकृत मंचांची सावधान-यादी ठेवली आहे, पण यादीत नाव नाही म्हणजे मान्यता आहे, असं मुळीच नाही.

सेबीच्या आदेशांत इंदूरच्या गुंतवणूक सल्लागार कंपन्यांची नावं वर्षानुवर्षं येत आहेत. फोनवरून गोड बोलून पैसे काढण्याचं इतकं तयार मनुष्यबळ ज्या शहरात आहे, तिथल्या पोलिसांनी आणि कॉलेजांनी तक्रारीची वाट पाहत बसणं मला पटत नाही. कारण तक्रार येतच नाही. पैसे काढायला गेलं की ‘आधी टॅक्स भरा’ म्हणतात. भरला की आणखी एक शुल्क निघतं. पोरगा चिडला की एजंट त्याला फेमाची भीती घालतो: तूच फसशील, तिप्पट दंड होईल. दंडाची तरतूद खरी आहे, म्हणून पोरगा गप्प बसतो आणि घरी फी हरवल्याचं सांगतो.

आईबाबांनो, पोरगं असं काही सांगू लागलं तर आधी ओरडू नका. त्याच्याकडून यूपीआयची नोंद घ्या, पैसे कोणत्या भलत्याच दुकानाच्या नावावर गेलेत ते पाहा, आणि त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जायला हवेत.